बुधवार, येरळवाडी

आठवडाभर मी वडूज स्टँडवर
चौकशीच्या खिडकीत असतो.
दहिवडी लागली का, साताऱ्याची किती वाजता,
मुक्कामाची गेली का?
लोक विचारतात, मी सांगतो.
बुधवारी सुट्टी.
बुधवारी मी पाण्याला विचारतो.

या बुधवारी पाणी काही बोललं नाही.

दसरा होऊन नऊ दिवस झाले.
गेल्या साली या सुमारास
थापटे एकशे बारा, चक्रवाकाच्या सात जोड्या;
वहीत आहे, मध्येच पेन संपलेलंही दिसतं.
आज दोन शेकाटे,
एक टिबुकली, बुडाली ती कुठं निघाली कळलं नाही,
आणि हळदीकुंकू बदकं अकरा.
ती इथलीच. त्यांना मी धरत नाही.

ऊन असं, की दुर्बिणीत
पलीकडचा काठ उकळताना दिसतो.
तिथं काहीतरी हललं.
श्वास धरला, फोकस फिरवला:
सोपान कोळेकराची शेरडं.

मागून तोही आला, मुंडासं सोडून शेजारी टेकला.
"आली का?"
"नाही अजून."
"वर थंडीच पडली नसंल."
हवामान खात्यापेक्षा मला हे पटलं.
तंबाखू मळता मळता म्हणाला,
"तुमच्या एष्ट्यांचं तरी काय निराळं हाय?"

फडतरे सर असते तर खो खो हसले असते.
दुर्बीण त्यांचीच. डाव्या भिंगात बुरशीचा ठिपका,
नवख्याला तो लांबची घार वाटतो.
सर म्हणायचे, काही दिसलं नाही तरी लिहायचं.
शून्य काढायचं ते हात आखडून नाही,
चांगलं मोठं, गोल.
ओळ रिकामी सोडलीस
तर पुढच्याला वाटेल, त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं.

म्हणून लिहिलं.
थापटे शून्य. चक्रवाक शून्य. परीट
इथं थांबलो.
सकाळी धरणाच्या भिंतीवर
काहीतरी शेपूट हलवून गेलं होतं खरं,
पण मी तेव्हा थर्मासचं झाकण शोधत होतो.
शून्य.

पेन खिशात ठेवलं. उठायचं होतं, उठलो नाही.
अकरांतल्या एकीचा पंख लोंबतो आहे.
ती मागं पडते.
बाकीची तिच्यासाठी थांबत नाहीत,
तसं म्हणता येणार नाही,
पण हळू पोहतात.
लव्हाळ्याशी पोचेपर्यंत बघत राहिलो.
सोपानची शेरडं केव्हाच निघून गेली होती.

वहीत हळदीकुंकवाला रकानाच नाही.
समासात लिहिलं, अकरा,
आणि कंसात, एक जखमी.

गुरुवारी सकाळी खिडकीशी एक बाई,
हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी शेपूची जुडी.
"कातरखटावची लागली का?"
"नाही अजून," म्हणालो.
एरवी एवढंच म्हणतो.
"बसा. मी पण बघतोय."