तिघऱ्याचं पाणी

जनकगंजात नळ एक दिवसाआड येतो.
त्या दिवशीच मी दाढी करतो. बोअरच्या पाण्यात
फेस धरत नाही, साबण नासतो
फाटलेल्या दुधासारखा.
समोरच्या गच्चीत देवघरे, त्याचंही तेच गणित.
मधे साडेसात हात गल्ली,
दोन खिळे, दोन आरसे
आणि चौतीस वर्षांची हुज्जत.

तो वाटीवाला. मी थेट गालावरचा.
तो म्हणायचा, फेस घोटावा लागतो,
वाटी चिनी मातीची, बुडाशी जरा खरबरीत,
ब्रश झटकून घ्यायचा, पाणी थेंबाथेंबानं,
आणि फेरे चाळीस.
(वहिनी आतून मोजायच्या,
एकोणचाळीसला चहा गाळायच्या.)
मी म्हणायचो, अरे, वाटीला दाढी असते का?
गालावर घोळवला की खुंट उठून उभे राहतात,
साहेब आल्यावर कारकून उठतात तसे.

माझा ब्रश डुकराच्या केसांचा.
आईनं तो हयातभर घरात येऊ दिला नाही,
गच्चीवरच राहिला, डालड्याच्या डब्यात.
पहिले दोन महिने राठ,
भिजला की वास, गालावर ओरखडे.
मग टोकं चिरत गेली, एकेका केसाची दोन दोन,
आणि कधीतरी तो मऊ झाला.
तारीख मला सांगता येणार नाही.

देवघरेचा बिज्जूचा, जावयानं परदेशातून आणलेला.
इतकं पाणी पितो की झटकला
तर शिंतोडे माझ्या आरशावर.
"मलाई है, मलाई!" तो ओरडायचा.
(बढाई आम्ही हिंदीत मारतो, भांडतो मराठीत.)
मलई कसली, ताक आहे, बुडबुडे बघ.
बुडबुडा म्हणजे घाई.
चांगल्या फेसाला ऐकू येईल असा आवाज नसतो.

एकदा मेळ्यात साठ रुपयांचा नायलॉनचा घेतला,
दोघांत मिळून, हसायला म्हणून.
भिजवायला नको, वास नाही, तासाभरात कोरडा.
आठवडाभर त्याच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे.
फेस, खरं सांगायचं तर, उत्तम.
हे आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

मग कॅन्सर पहाडीच्या फेऱ्या सुरू झाल्या.
आधी डोक्यावरचे गेले, मग भुवया,
मग दाढी. गाल पोरासारखे.
वाटलं, आता आरसा उतरवेल.

नळाच्या दिवशी, साडेपाचला, खिळ्यावर आरसा.
जानेवारीतलं धुकं, तो दिसत नव्हता,
वाटीत ब्रश फिरत होता तेवढं ऐकू येत होतं.
धुकं विरळ झालं तेव्हा
गालभर, हनुवटीखाली, कानशिलापर्यंत
निगुतीनं फेस लावून बसला होता.
ओठांवरचा बोटानं निपटला.
ब्लेड नव्हतंच.
थोड्या वेळानं टॉवेलनं पुसून टाकला सगळा.
"ऊब येते रे," म्हणाला. मराठीत.

फाल्गुनात वाटी धरवेना.
त्या दिवशी नळ नव्हता.
कळशीत तिघऱ्याचं राखून ठेवलेलं होतं,
ते तापवलं, तांब्यात घेतलं,
गल्ली ओलांडली. चौतीस वर्षांत
त्याच्या गच्चीत मी दाढीच्या वेळी कधी गेलो नव्हतो.
तिथून माझा आरसा फार लहान दिसतो.

बिज्जूचा आता त्याला टोचायचा.
माझा तर विचारूच नका.
खिशातून नायलॉनचा काढला.
त्यानं पाहिलं, मी पाहिलं,
कोणी काही बोललं नाही.

वाटीत घोटला. हो, वाटीत.
तीस, एकतीस. मनगट दुखायला लागलं.
आतून गाळणीचा आवाज आला नाही,
वहिनी दारातच उभ्या होत्या.

पहिला हात उजव्या गालावर ओढला.
त्यानं डोळे मिटले, जिभेनं गाल आतून फुगवला,
जुन्या सवयीनं.
"पाणी जास्त झालं," म्हणाला.

झालं होतं.