लांब मानेचा नळ

व्हिल्न्यूस शहर, लाझ्दिनाय, पाचवा मजला.
लिफ्ट बंद, खांद्यावर पान्ह्यांची पेटी,
दारात वायदोतस,
ट्रॉलीबस डेपोतली रात्रपाळी अजून डोळ्यांत.
न्हाणीघर एवढंसं, की दोघं आत शिरले
तर तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यायचा.

तोच जुना नळ. या सगळ्या इमारतींत तोच होता:
टब आणि बेसिनच्या मधोमध
एक लांब मान, हवी तिकडे फिरवा.
एका नळावर दोन भांडी जगवायची,
तेव्हाची सरकारी काटकसर.
क्रोम उडालेलं, बुडाशी हिरवट खरका,
रात्री एक थेंब,
मग बराच वेळ काही नाही,
मग डोळा लागता लागता दुसरा.

त्याने फोनवर चित्र दाखवलं.
राखाडी सपाट भिंत,
तिच्यातून आलेली पाण्यापुरती चोच,
शेजारी एक गोल चकती. बाकी सगळं आत.
"असा कन्सील्ड हवाय. नळ दिसायलाच नको."

मी माझं नेहमीचं सांगितलं.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय,
पण उद्या आतलं कार्ट्रिज गेलं
तर ती मूठ उघडायला छिन्नी लागते.
पितळी खोकं गाडायला हवी सात सेंटीमीटरची खाच,
आणि ही पॅनेलची भिंत,
सात सेंटीमीटर म्हणजे शेजारणीच्या कपाटात हात.
मग पुढे दुसरी भिंत उभारा,
टबात बसताना कोपरं पोटाशी घ्या.
उघड्या नळाचं काय,
दोन आटे, दोन वायसर,
अर्ध्या तासात मी चहाला मोकळा.

"भिंत उभारू," तो म्हणाला.
पैसे साठवले होते त्याने. आवाजातच होते.

तेवढ्यात स्काइस्ते आली बेकरीतून,
मनगटाच्या घडीत राईचं पीठ.
ती पहाटे तीनला निघते, तो सहाला येतो.
ती परतते तेव्हा तो घोरत असतो,
तो उठतो तेव्हा ती.
आज माझ्यामुळे दोघं एकाच वेळी जागे.

तिने चित्राकडे पाहिलं नाही.
नळाच्या मानेकडे पाहिलं. मान टबकडे होती.
"पाय बुडवून बसला होतास?
गुडघा पुन्हा?"
"थोडासा," तो म्हणाला, माझ्यासमोर ओशाळून.
मग तोही:
"परवा तू मान बेसिनकडे वळवलीच नव्हतीस.
तोंड न धुता गेलीस."
"उशीर झाला होता."

मी पान्ह्याकडे बघत राहिलो.
पान्ह्यात बघण्यासारखं काही नसतं.

"त्या भिंतीआडच्याला मान असते का?" तिने मला विचारलं.
"नाही. दोन चोची, आपापल्या जागी."
"मग कळायचं कसं?"
"काय कळायचं?" वायदोतस म्हणाला.
ती कोटाची बटणं काढत राहिली,
एक अडकलं होतं, तेच बराच वेळ.

दोन्ही खर्च कागदावर लिहून
वॉशिंग मशीनवर ठेवले, वर साबणाची वडी.
तीन आठवडे फोन नाही.
म्हटलं, गेलं काम कुणा स्वस्तातल्याकडे.

फेब्रुवारीत त्याचाच फोन.
"उघडाच बसव. पण लांब मानेचा."
दुकानदार हसला, असले आता कोण नेतं,
आणि वरच्या फळीवरून
धूळ फुंकत एक काढून दिला.

बसवला. पाणी सोडलं. ठिबकत नाही.
वायदोतस दाराच्या चौकटीला टेकून,
गुडघ्याला लोकरी पट्टा.
हळूच म्हणाला,
आत ती झोपली होती म्हणून हळू:
"मान सैल ठेवू नकोस.
जिथे ठेवली
तिथेच राहिली पाहिजे, दुसऱ्याने बघेपर्यंत."

आटा पाव फेरा आवळला.
मान एकदा टबकडे, एकदा बेसिनकडे
फिरवून पाहिली,
आणि मग कळेना
जाताना कुठे ठेवावी.