साल

सिव्हिलच्या गेटासमोर माझा गाडा.
सांगोल्याचा भगवा, क्रेटवर क्रेट.
आत कुणी दाखल झालं की बाहेर कुणीतरी
माझ्यापुढं येऊन उभं राहतं, मुठीत चुरगळलेली नोट:
"रक्त कमी आहे म्हणालेत. एक ग्लास. साखर नको."
मी दाणे सोडवतो, मशीन फिरवतो,
ग्लासावर उलटी वाटी ठेवून देतो.
रक्त वाढतं का, मला ठाऊक नाही.
ग्लास घेऊन जिना चढणाऱ्याची मान
जरा वर होते, एवढं रोज बघतो.

आणि साली उरतात, पोतंभर.

दिवस कलला की अंबव्वा येते.
हजार विड्या कारखान्यात मोजून दिलेल्या,
बोटांना तंबाखूचा वास.
"दस्तगीर, दानिम्माची साल ठेवलास का?"
चाळीस वर्षं मराठी बोलते,
फळ मात्र तिच्या तोंडात तेलुगूच राहिलं.
पोतं डोक्यावर, आणि कन्ना चौकाकडं चालू लागते.

घराच्या पत्र्यावर वाळवते.
मे महिन्यात दोन दिवस पुरतात;
सोलापूरचं ऊन फुकट, आणि कामसू.
वाळली की साल वाजते,
झोळीतल्या कवड्यांसारखी.

खोकल्यासाठी वेगळी काढते आधी.
विड्या वळणाऱ्या बायकांच्या गालात एकेक तुकडा:
"चावू नको गं. नुसती धरून ठेव,
सासूवरचा राग धरतेस तशी."
तुरट रस उतरत राहतो घशात,
सुपातली पानं सरेपर्यंत.

पोरांच्या जुलाबाला काढा, चमचा-चमचा,
पण मीठ-साखरेच्या पाण्याशिवाय नाही.
हे तिला आशाताईनं शिकवलं,
आता ती आशाताईलाच ऐकवते.

बाकी सगळा ढीग मल्लेशमचा, तिच्या नवऱ्याचा.
माग भंगारात गेला, रंगाचं पातेलं राहिलं.
साली शिजवतो, तुरटी टाकतो,
सुताची लडी बुडवून काठीनं उलटी करतो:
पिवळी.
हिराकस पडली की तीच लडी अंधारून येते.
मी बघत बसलो होतो एकदा, म्हटलं,
काय कमाल आहे, एकाच सालीत ऊन आणि रात्र.
तो म्हणाला, "हिराकस जास्त झाली."

लूमवरचा एक पोरगा तिच्या दारात आला होता,
रुमालावर लाल ठिपका.
त्याला साल दिली नाही तिनं.
मनगट धरून आणला, माझ्या गाड्यासमोरून,
थेट सिव्हिलच्या खिडकीपर्यंत.
"हे सालीचं काम नव्हं."
सहा महिने गोळ्या खाल्ल्या त्यानं.
आता चालत येतो, डाळिंबाचा भाव करतो,
आणि न घेता जातो.

दिवाळीनंतर शर्ट खोचलेला एक माणूस आला.
सालीची पावडर, छोटी डबी, चेहऱ्याला लावायची.
किलोला चार रुपये, रोज सकाळी टेम्पो येईल.
मी मनात हिशोब मांडला:
पोरीच्या शाळेची रिक्षा निघते.
हो म्हणालो.

तीन संध्याकाळी मी गाडा लवकर आवरला.
चौथ्या दिवशी ती दुपारीच आली.
रिकामं पोतं घडी घालून काखेत.
गाड्याखाली बघितलं, काही विचारलं नाही.
मीच बोलायला गेलो, आवाज फुटेना;
दिवसभर ओरडून घसा बसलेला.
तिनं कनवटीची गाठ सोडली,
नखाएवढा काळपट तुकडा काढला.
"धर. गेल्या सालची हाय."
आणि तिचं तिलाच हसू आलं,
गेल्या सालची साल.

गालात धरली.
माझ्याच गाड्यावरची, मी फेकलेली.
जिभेची कड आखडली, डोळ्यांत पाणी आलं,
तोवर ती रस्ता ओलांडून गेली होती.

गिऱ्हाईक विचारत होतं,
"डाळिंब गोड आहे का?"
मी मान हलवली.
कुठल्या बाजूला, मलाच कळलं नाही.