मोजणी

रविवारी, पारडीच्या मनपा शाळेत, घरघरत्या कूलरसमोर
सरांनी सतरंजीवर झोपवला रबरी माणूस.
कमरेखाली तो नव्हताच.
"पाय काऊन नाही जी याले?"
कोणीतरी विचारलं, आम्ही सगळे हसलो.
पायांचं काम नाही, सर म्हणाले, काम छातीचं.

तळव्यावर तळवा. कोपर ताठ.
दोन इंच खाली, मग पूर्ण सोडायचं.
पुन्हा. पुन्हा.
तीसपर्यंत मोजायचं, मोठ्यानं.

मोजणं तर माझ्या घरातलंच.
बाबा कळमन्याच्या बाजारात संत्री मोजायचे,
एका फेकीत पाच.
पहिल्या फेकीला एक म्हणत नसत,
लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन…
झोपेतसुद्धा.

पडले तेव्हा मार्च संपत होता.
ढिगाशेजारीच, मुठीत अजून दोन.
चाळीस माणसं धावली. बघ्या कोणीच नव्हता त्यात,
हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.
एकानं नाकाशी कांदा फोडून धरला,
एकानं चप्पल.
एकानं तोंडात पाणी घातलं, एकानं पुठ्ठ्यानं वारा.
तळपाय चोळले दोघांनी.
एकशेआठला पत्ता सांगता सांगता
मापाडी रडायला लागला.
गाडी नाक्यावर, ट्रकांच्या मागे.
बारा मिनिटं.
ऐंशी हात होते बाबांसाठी,
छातीवर एकही नाही.

मागच्या रांगेत सेवकराम हमाल बसला होता.
कांदा त्याचा.
मला पाहून उठला, दाराशी गेला,
चप्पल घातली,
काढली,
परत आला.
"पोरी, मले वाटलं कांद्यानं शुद्ध येते."
मी काय बोलणार?
सरकून जागा दिली.

क्रेट वाहून चपटे झालेले हात
त्यानं रबरावर ठेवले, तान्ह्या लेकराला ठेवावे तसे.
जोरात, सर म्हणाले. बरगडी मोडली तर मोडू द्या,
बरगडी जुळते.

दाबलं.
आत कुठंतरी टक् वाजलं.
"लाभ," सेवकराम म्हणाला.
"एक म्हणा, काका."
"एकच म्हणलं ना जी."

दोन. तीन. चार.
सतराला त्याचा श्वास तुटायला लागला,
सव्वीसला घाम टपकला त्या बिनपायाच्या माणसावर.
तीस झाले, मी म्हटलं,
काका, तीस झाले.

एकतीस, तो म्हणाला.