स्रोत

मी नकाशातून एक विहीर पुसली.
रात्री पावणेबाराला, भांडी तशीच ओट्यावर ठेवून.
मरोळ गावठाणातला तो निळा ठिपका,
एक टिचकी आणि जागा कोरी.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : विहीर बुजवली आहे.

सकाळी ठिपका पुन्हा जागच्या जागी.
खाली कुणा ‘खेकडा४१’ची ओळ :
बदल मागे घेतला. स्रोत?

मला राग आला.
सहा वर्षं या सगळ्यांच्या नकाशाला
मी फुकट गल्ल्या पुरवतेय, नळ, पायऱ्या, बंद पडलेली गिरणी,
इंग्रजीतून फिरून येताना कुठल्याशा यंत्रानं
‘मालवाडी’ केली होती,
तिचा ळ तिला मी परत दिला,
आणि हा खेकडा मला स्रोत विचारतो.

रविवारी गेले. खरं तर भांडायलाच,
पण भांडणार कोणाशी?
क्रुसापुढे ताजा झेंडू. कठडा नाही.
सिमेंटची लादी, तिच्यावर दोन स्कूटर
आणि मधोमध कुलूप घातलेलं लोखंडी झाकण.

“बुजवली कोण बोलला तुला?”
दारातून फिलोमिना रिबेलो. हाताला पीठ.
“झाकलीय. फॉन्सेकांचा पोरगा पडलेला, त्या साली.
वाचला. आता दुबईला असतो.”

झाकणाला बोटाएवढं भोक होतं.
तिनं अंगणातला खडा उचलून माझ्या हातात ठेवला.
“टाक.”

मी टाकला. एक, दोन,
अडीचला खालून
कुणीतरी ओ दिल्यासारखं वाजलं.

रात्री पुन्हा तोच ठिपका उघडला.
विहीर : आहे.
झाकण : आहे. कुलूप : आहे.
पाणी पिण्याजोगं : माहीत नाही.
वापर : यादीत स्कूटर नव्हती, सोडून दिलं.
नाव : फिलोमिनानं सांगितलं तसं, शेजारणिंची बाव.
कारण पुरुष तिथे भरायला कधी आलेच नाहीत म्हणे.

स्रोत : प्रत्यक्ष पाहणी,
असं टाईप केलं, मग खोडलं.
पाहिलं कुठे होतं मी?
लिहिलं : प्रत्यक्ष ऐकलं.

दोन दिवस काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी, पहाटे चार सदतीसला
(हा माणूस झोपतो कधी?)
खेकडा४१ :
मंजूर.
‘णीं’ दीर्घ. केलाय.