मोजणीनंतर

पट्टी फ्रीजच्या वर ठेवली आहे,
स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशी.
हात तरी दोनदा जाऊन आला.

सदतीस वर्षं मी जमिनी मोजल्या, नेब्रास्कात,
एल्कहॉर्न नदीच्या दोन्ही काठांना.
मी ठोकलेल्या लोखंडी सळ्या
अजून मक्याच्या मुळांत ओळंब्यात उभ्या आहेत.
लोक म्हणत, व्लास्ता कुचेराची रेघ
देवालाही खोडता यायची नाही.

ऑर्थेला म्हणते, रेघ नको. काप.

ऑर्थेला मे ब्रिजफोर्थ, वय एक्याऐंशी,
ओमाहाहून बसनं येते दर गुरुवारी,
पिशवीत फिरती पाती, कात्र्या, आल्याच्या गोळ्या.
तिच्या आईनं म्हणे कधी कागद वापरला नाही,
गोधडी आधी डोळ्यांत, मग मांडीवर.
"दोन कापडं एकावर एक. दोन्ही सुलट.
पातं टेकव. श्वास सोड. जा."
कुठं? मी विचारते.
"ते गेल्यावर कळतं."

वरचं कापड तपकिरी कॉर्डरॉय:
हार्लन बेरेन्सची पँट, त्याच्या मुलीनं दिलेली,
गुडघ्यांवर झिजून गुळगुळीत.
खालची बाबांची निळी डंगरी,
खिशाशी अजून ग्रीसचा डाग.
ही दोन कापडं जिवंतपणी
चर्चमध्येसुद्धा एका बाकावर बसली नाहीत.

नदीमुळे.

कायदा मला झोपेतही येतो:
नदी हळूहळू सरकली, तर हद्द तिच्यासोबत सरकते.
एका रात्रीत तिनं उडी मारली,
तर हद्द जुन्याच जागी, कोरड्या वाळूत, पडून राहते.
कोर्टानं मला एवढंच विचारलं होतं,
सरकली की उडी मारली?
मी तिशीत होते. झाडांची वलयं मोजली,
वाळूचे थर खरवडून पाहिले,
आणि म्हणाले: सरकली.
एकोणीस एकर बेरेन्सकडे गेले.
परतताना गाडीत बाबा म्हणाले,
"सोयाबीन पेरायचं राहिलंय."
मग चौदा वर्षं आम्ही हवेपाण्याचं बोललो.

खरं सांगू?
थोडी सरकली होती. थोडी उडी मारली होती.
त्या अर्जात तिसरा रकाना नव्हता.

पातं टेकवते.
ते कॉर्डरॉयच्या जाड शिवणीवर अडखळतं,
खिशाला वळसा घालतं,
मी वळले नसते तिथं वळतं.
मनगट घाबरतं आणि मागोमाग जातं.
मग अदलाबदल:
बेरेन्सचं पोट बाबांच्या खळग्यात,
बाबांचा खिसा बेरेन्सच्या गुडघ्याशी.
एकाच घावाचा काठ दोघांना,
चूक असली तर दोघांची सारखीच.

शिवताना टाचण्या नाहीत.
खालचं सरकू द्यायचं, वरचं नुसतं धरायचं,
कोंबडीचं पिल्लू धरावं तसं.

मधल्या नदीसाठी मी
माझं मोजणीचं नारिंगी जाकीट कापलं,
त्यावरची चकाकती फीत तशीच ठेवून.
"नारिंगी नदी?" ऑर्थेला चष्म्यावरून बघते.
निळा बाबांनी घेतलाय, मी म्हणते.
ती हसत नाही. एक गोळी माझ्याकडे सरकवते.

आता जमिनीवर पसरली आहे, आणि सपाट पडत नाही.
नदीच्या मधोमध फुगा.
"उसव," ऑर्थेला म्हणते, कोट चढवत,
"पाचरीएवढं काढ, बसेल."
तिची बस पावणेपाचला आहे.
मी हो म्हणते, दारापर्यंत जाते,
परत येऊन गुडघ्यांवर बसते,
फुग्यावर तळवा ठेवते.

दाबला की बाजूला जातो.
सोडला की परत येतो,
पण त्याच जागी नाही.