किरकोळ

महिन्याच्या दोन तारखेला
बँकेच्या मशीनमधून पासबुक कुरकुरत बाहेर येतं :
तीन हजार एकशे चार.
वरचे चार कशाचे, ते अजून कळलेलं नाही.
त्यात पोस्टाचं व्याज मिळवून
नेरूळच्या खोली-किचनचं राज्य
आम्ही दोघं चालवतो.

तुर्भ्याच्या रंगाच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळलं,
एकोणतीस वर्षं.
एक ब्रशसुद्धा सहीशिवाय गेटाबाहेर गेला नाही.
त्यामुळे घरातही इनवर्ड, आउटवर्ड.
सिलिंडरवर खडूनं तारीख,
झिजलेला साबण नव्या वडीच्या पाठीवर,
बीपीच्या गोळ्या जेनेरिक दुकानातल्या,
रंग वेगळा, दाब तोच.
पंखा दोनवर.
पाहुणे आले तर तीनवर.

कांदा आम्ही पाच घरं मिळून आणतो,
मार्केटातून अख्खी गोण.
जिन्याच्या पहिल्या वळणावर तिचं तोंड सुटतं,
गावंड वहिनींचा ताणकाटा कठड्याला लटकतो
आणि पन्नास किलोंचे दहा-दहा होतात.
शेवटचं घर कायम साडेआठवर थांबतं.
पहिल्या वेळी आवाज चढले.
मग मीच सांगितलं,
माल सुकतो, गोणपाटालाही वजन असतं,
स्टोअरात ह्याला घट म्हणतात.
घट कुणी चोरत नाही,
ती कुणाच्या तरी वाट्याला येते, एवढंच.
तेव्हापासून शेवटचं घर
दर खेपेला बदलतं.

वही मंदाकिनी लिहिते.
नातवाची भूगोलाची, मागची पानं कोरी राहिलेली,
पुढे अर्धवट निळा समुद्र.
दूध. लाइट. मेन्टेनन्स. दळण.
वासंतीच्या मुलीच्या बारशाला एकावन्न
(एकशे एक लिहून खोडलेले).
आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात :
किरकोळ, चाळीस.
पंधरा दिवसांनी पुन्हा
किरकोळ, चाळीस.
एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही.
खरा किरकोळ खर्च इतका टापटीप नसतो,
हे मी झोपेतही सांगेन.
पण विचारलं नाही.
एकोणतीस वर्षं सगळ्यांना विचारत आलो,
त्याचाही कंटाळा येतो.

मे महिना. दुपारचे अडीच.
बीपी दाखवून जुईनगरपासून चालत येत होतो,
बसचे दहा वाचवत, डोक्यावर रुमाल.
सिग्नलला एसी बस उभी राहिली.
खिडकीत ती.
मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले,
कपाळ कोरडं.
मांडीवर कापडी पिशवी, घडीसुद्धा न मोडलेली.
कुठेही निघालेली नव्हती.
वाशीपर्यंत जाणार, त्याच बसनं परत,
एवढा वेळ नुसती
गार बसणार.

मी चटकन महावितरणच्या डब्यामागे झालो,
धोक्याच्या कवटीला खांदा लावून,
स्वतःच्याच बायकोपासून लपणारा
अडुसष्ट वर्षांचा माणूस.
सिग्नल सुटला.
बस गेली तेव्हा तिचं तोंड
थोडंसं उघडं होतं,
बाळंतपणानंतर पहिल्यांदा झोपली होती
तेव्हा असायचं तसं.

संध्याकाळी चहा गाळताना म्हणाली,
देवळात आज काय गर्दी.
मी म्हटलं, असणारच.
तुम्ही चालत नाही ना आलात, एवढ्या उन्हात?
छे, म्हटलं, बसनं.
बघून घेतलं तिनं माझ्या चपलांकडे,
डांबर लागलं होतं.
काही बोलली नाही.

रात्री वही उघडली.
किरकोळ, चाळीस.
आणि त्याच्या खाली, तिच्याच अक्षरात,
ह्यांचं बसभाडं, दहा.

ते दहा अजून सदऱ्याच्या खिशात आहेत.
इनवर्ड केलेले नाहीत.